मोफत शिबिर, पण कोणासाठी?

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा इकडे आळंद, कलबुर्गी. यांपैकी कुठल्याही गावात चौकशी करा, गाणं शिकवणारं कोणीतरी सापडतंच. देवळातल्या भजनाला साथ करणारे पेटी मास्तर असतात. तबल्याची शिकवणी घेणारा एखादा दादा असतो. लग्न होऊन गावात आलेली आणि घरातल्या पुढच्या खोलीत भरतनाट्यम शिकवणारी ताई असते. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या आधी महिनाभर पोरांकडून गाणी बसवून घेणाऱ्या सिस्टर किंवा टीचर असतात. यांतल्या पुष्कळांनी गाणं, वाजवणं किंवा नाचणं कोणाकडून तरी रीतसर शिकून घेतलेलं असतं. पण शिकवायचं कसं, हे मात्र त्यांना सहसा कोणीच शिकवलेलं नसतं. शाळेत गणित शिकवायला डी.एड., बी.एड. लागतं. गाण्याच्या बाबतीत आपण धरून चालतो की ज्याला गाता येतं त्याला शिकवताही येतं.

तसं नसतं, हे आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी क्लास सोडला त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच संगीत आणि नृत्य शिक्षकांसाठी भरणाऱ्या मोफत प्रशिक्षण शिबिरांबद्दल लिहावंसं वाटलं. अशी शिबिरं कोण भरवतं, त्यांत काय शिकायला मिळायला हवं आणि आपल्या सीमाभागातल्या शिक्षकापर्यंत ती का पोचत नाहीत, या तीन प्रश्नांची उत्तरं एकेक करून पाहू.

कल्पना काही नवी नाही

शिक्षकाला फुकट घडवायचं, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची नजर अधू झाली, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तिथे फी भरून शिकणारे विद्यार्थी होतेच. त्यांच्याशिवाय 'उपदेशक वर्ग' नावाचा एक वेगळा वर्ग होता. या वर्गातल्या मुलांना फी नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च विद्यालयाचा. बदल्यात मुलानं नऊ वर्षं शिकायचं आणि पुढे संगीताचा शिक्षक व्हायचं, असा करार असे. पलुस्करांनी १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय काढलं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी पलुस्करांच्या शिष्यांची नावं. यांतल्या प्रत्येकानं पुढे स्वतः शिकवलं.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. इतक्या मुलांना फुकट जेवू घालायचं तर पैसा कुठून आणायचा? बुवांनी मैफली केल्या, देणग्या मागितल्या, कर्जं काढली. शेवटी कर्जापायी मुंबईतली विद्यालयाची इमारत लिलावात गेली. १९३१ मध्ये बुवा वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज आपण ज्याला 'गांधर्वची परीक्षा' म्हणतो, ती या मंडळाची. इमारत गेली, तरी घडवलेले शिक्षक राहिले होते. त्यांनीच ते काम पुढे चालवलं.

मिरजेतलाच दुसरा एक धागा कर्नाटकात आला. बाळकृष्णबुवांचे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ. त्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, आणि पंचाक्षरी गवईसुद्धा. पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) स्वतः दृष्टिहीन होते. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांनी दृष्टिहीन आणि गरीब मुलांना विनाशुल्क राहणं, जेवण आणि गाणं दिलं. त्यांच्यामागे पुट्टराज गवईंनी (१९१४–२०१०) हे काम चालवलं. त्यांनाही दृष्टी नव्हती. आश्रमाचा खर्च भागायचा तो भक्तांच्या देणगीतून आणि आश्रमाच्या स्वतःच्या नाटक कंपनीतून. इथे शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी उत्तर कर्नाटकात गावोगाव गाणं शिकवलं. बसवराज राजगुरू, व्यंकटेश कुमार अशी मोठी नावं याच परंपरेतली आहेत.

लाहोर आणि गदग या दोन्ही ठिकाणांहून एक गोष्ट कळते. 'मोफत' म्हणजे खर्च नाही असं नव्हे. खर्च असतोच, फक्त तो दुसरं कोणीतरी उचलतं. या दोघांनी केवळ फी माफ केली नाही. शिकणाऱ्याचं जेवण, मुक्काम आणि वर्षानुवर्षांचा वेळ एवढं सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. आजच्या शिबिरांना आपण हेच माप लावून बघू.

आज कोण देतं?

सरकारी पातळीवर सगळ्यात जुनी व्यवस्था म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजेच सी.सी.आर.टी. ही संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. तिच्यामागे कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन या दोघी होत्या. मुख्य केंद्र दिल्लीत आहे, पण आपल्या सोयीचं प्रादेशिक केंद्र हैदराबादला आहे. इथे देशभरातले शिक्षक काही दिवस एकत्र राहतात, वेगवेगळ्या भाषांमधली गाणी शिकतात, नृत्य, बाहुल्यांचे खेळ, हस्तकला यांची ओळख करून घेतात. प्रवास आणि राहण्याची सोय केंद्र बघतं. शाळेला सांस्कृतिक साहित्याचा संच मिळतो. शिवाय काही शिक्षकांना जिल्हा साधनव्यक्ती म्हणून तयार केलं जातं, म्हणजे त्यांनी आपल्या जिल्ह्यात जाऊन इतरांना शिकवायचं. लाहोरच्या उपदेशक वर्गाची आठवण यावी अशीच ही रचना आहे.

दुसरी सोय मोबाईलवरची. 'दीक्षा' हे पोर्टल २०१७ पासून आहे. 'निष्ठा' हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तो 'दीक्षा'वर आला. त्यात कलेच्या आधारे विषय कसे शिकवावेत यावर एक भाग आहे. तिसरी सोय म्हणजे नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही त्याच्या क्षेत्रात येतं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. क्षेत्रीय केंद्रांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला, साथीदाराला आणि शिष्यांनाही मानधन मिळतं. शिकणाऱ्याच्या हातात पैसे देणारी ही योजना, म्हणून पलुस्करांच्या कल्पनेच्या ती सगळ्यात जवळची. पण तिचा भर लोप पावत चाललेल्या कलांवर आहे. चौथी सोय म्हणजे स्पिक मॅके. आय.आय.टी. दिल्लीत प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये ही चळवळ सुरू केली. मोठे कलाकार शाळा-कॉलेजांत येऊन विनाशुल्क सप्रयोग व्याख्यानं देतात. मात्र ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी असतात.

एवढ्या सोयी असताना अडतं कुठे? अडतं ते 'शिक्षक' या शब्दाच्या व्याख्येत. सी.सी.आर.टी.च्या अभ्यासक्रमाला नाव पाठवतं राज्याचं शिक्षण खातं. 'निष्ठा' आहे शाळेतल्या शिक्षकांसाठी. म्हणजे आधी शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून तुमचं नाव हवं. पेटी मास्तरांचं नाव कुठल्याच पटावर नसतं. घरी भरतनाट्यम शिकवणारी ताई कुठल्याच खात्याची कर्मचारी नसते. त्यामुळे शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांना गाण्याचं शिबिर मिळू शकतं, पण रोज वीस मुलांना गाणं शिकवणाऱ्या मास्तरांना मिळत नाही. इतिहासाच्या सरांनी गाणं शिकू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यांच्या वर्गाला फायदाच होईल. पण ज्याचं काम तेच आहे तो दाराबाहेर का?

शाळेच्या पटावर अशा लोकांना जागा देण्याची तरतूद कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं कलेला मुख्य विषयांच्या पंगतीत बसवलं. एन.सी.ई.आर.टी.ने सहावीसाठी 'कृति' आणि तिसरीसाठी 'बाँसुरी' ही कलेची पाठ्यपुस्तकं काढली, त्यांत संगीत आणि नृत्यही आहे. पुस्तक आलं, तरतूद आली. आता ते शिकवणारा माणूस तयार करायला नको का?

सीमाभागातली खास अडचण

१९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात, आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तर भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. गाण्याला मात्र ही रेषा कधी दिसलीच नाही. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदीतही पदं रचली. दत्तजयंतीला तिथे आजही गायक-वादक हजेरी लावतात. उत्तर कर्नाटकाचं गाणं मुख्यतः हिंदुस्थानीच. त्यामुळे गाण्याच्या क्लासात कन्नड घरातलं मूल आणि मराठी घरातलं मूल शेजारी बसून एकच यमन गातात.

पण भरतनाट्यमच्या क्लासात गेलं की पाया कर्नाटकी संगीताचा. तिथे तेच शब्द वेगळ्या अर्थानं येतात आणि शिक्षक गोंधळतो. काही उदाहरणं बघा. गाण्याच्या क्लासात 'श्रुती' म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांतरांपैकी एक. नृत्याच्या क्लासात 'श्रुती लावा' म्हटलं की त्याचा अर्थ आधारस्वर लावा. आपण 'जाती' म्हणतो तेव्हा औडव, षाडव, संपूर्ण हे मनात असतं, म्हणजे रागात किती स्वर. कर्नाटकी तालात 'जाती' म्हणजे तीन, चार, पाच, सात, नऊ हे मात्रांचे गट. आपल्या तबलजीला 'खंड' म्हणजे तालाचा एक विभाग. तिकडे 'खंड' म्हणजे पाच. रागांची नावं तर आणखी फसवतात. कर्नाटकी तोडीचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे, आणि आपल्या तोडीचे स्वर हवे असतील तर तिकडे शुभपंतुवराळी म्हणावं लागतं. कर्नाटकी हिंदोळम् ऐकून आपला माणूस म्हणतो, अरे हा तर मालकंस!

शिबिरात कन्नडमधून किंवा इंग्रजीतून भराभर व्याख्यान चाललं असेल, तर मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकाची इथेच दांडी उडते. त्याला कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये तो रोज बोलतो. पण पारिभाषिक कन्नड वाचून टिपणं काढणं वेगळं. आणि 'मला कळलं नाही' असं चारचौघांत म्हणायला मास्तर माणसाला जड जातं. मग तो मागच्या ओळीत बसून प्रमाणपत्राची वाट बघतो.

दुसरी अडचण अंतराची आणि दिवसांची. बिदरहून बंगळुरू सुमारे ७०० किलोमीटर. हैदराबाद त्यामानानं जवळ, १४० च्या आसपास. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतली ये-जा सोपी झाली, हे खरं. पण प्रश्न तिकिटाचा कमी आणि दिवसांचा जास्त आहे. खाजगी शिकवणी घेणाऱ्याला पगारी रजा नसते. पंधरा दिवस क्लास बंद ठेवला तर त्या दिवसांची फी पालक देत नाहीत, आणि दोन-चार मुलं दुसऱ्या क्लासला जातात ती जातातच. त्यातून शिबिर डिसेंबर-जानेवारीत ठेवलं तर तो शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम. नृत्यशिक्षकाची वर्षाची बरीच कमाई त्याच दिवसांत होते. म्हणजे फी शून्य असूनही शिबिर महागच पडतं. पलुस्करांनी आणि गदगच्या आश्रमानं नेमका हाच खर्च उचलला होता.

चांगल्या शिबिरात काय असावं?

नामवंत कलाकार बोलवायचा, त्यानं दोन तास गायचं, हार-तुरे, फोटो आणि मग जेवण. हा कार्यक्रम झाला, शिबिर नव्हे. कलाकाराचं गाणं ऐकून कान तयार होतो, पण दुसऱ्या दिवशी क्लासात नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. शिक्षकाला रोज नडणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात.

पहिली गोष्ट मुलांच्या आवाजाची. पुरुष शिक्षकाची पट्टी साधारण काळी एक किंवा काळी दोन. तो त्याच पट्टीत शिकवतो. लहान मुलांना आणि मुलींना काळी चार, काळी पाच सोयीची असते. खालच्या पट्टीत त्यांचा खर्ज लागत नाही, आणि मग ती एक सप्तक वर जाऊन किंचाळतात. 'याला सूर नाही' असा शिक्का बसलेल्या कितीतरी मुलांना फक्त पट्टी चुकीची मिळालेली असते. बारा ते चौदाच्या सुमारास मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा ताण देऊन गायला लावायचं नसतं, पण क्लासही सोडू द्यायचा नसतो. त्या काळात ताल, लेखन, ऐकणं यांवर भर देता येतो. हे सांगणारं कोणी भेटलं असतं तर कितीतरी मुलं गाण्यात टिकली असती.

दुसरी गोष्ट पेटीची. शिक्षक प्रत्येक ओळ पेटीवर मुलाच्या सोबत वाजवत राहतो. मूल पेटीला धरून गातं आणि पेटी थांबली की थांबतं. नुसत्या तानपुऱ्यावर, तो मोबाईलमधला का असेना, रोज दहा मिनिटं गाऊन घेण्याची सवय लावली तर फरक पडतो.

तिसरी गोष्ट नृत्यशिक्षकांसाठी, आणि ती आपल्या जिल्ह्याशी अगदी थेट जोडलेली आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी सगळीकडे प्रसिद्ध. आपल्या घराघरांत तीच. त्या दगडावर अनवाणी पायांनी, अरैमंडीत बसून तट्टडवु तासभर आपटत राहिलं तर नडगी आणि गुडघे दुखणारच. लाकडी जमीन कुठून आणणार? पण आधी अंग मोकळं करून घेणं, जोरात पाय मारण्याचा वेळ थोडा ठेवणं, मधल्या वेळात हस्तमुद्रा आणि अभिनय घेणं, अरैमंडीत गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनंच वळतात ना हे तपासणं, एवढं तर करता येतं. आठ वर्षांच्या मुलीचे गुडघे हा काही किरकोळ विषय नाही.

चौथी गोष्ट एकाच खोलीतल्या वेगवेगळ्या मुलांची. कोणी गांधर्वच्या प्रारंभिकला बसलंय, कोणी मध्यमाला, कोणी राज्याच्या ज्युनिअर परीक्षेला, आणि कोणाला फक्त शाळेच्या प्रतिभा कारंजीत भावगीत म्हणायचंय. एका तासात सगळ्यांना काय द्यायचं याचा आराखडा करणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं.

पाचवी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही ती. नृत्यात ठेवण सुधारताना, तबल्यावर हात बसवताना मुलाला स्पर्श होतो. आधी विचारणं, दार उघडं ठेवणं, पालकांना बसू देणं, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती असणं हे प्रत्येक शिक्षकाला सांगायलाच हवं. त्यात मुलांचं रक्षण आहे आणि चांगल्या शिक्षकाचंही.

आपण काय करू शकतो?

शिबिराचं पत्रक हातात आलं की नाव नोंदवण्याआधी काही प्रश्न जरूर विचारावेत. शाळेच्या नोकरीत नसलेल्यांना प्रवेश आहे का? भाषा कोणती, आणि टिपणं मराठी किंवा हिंदीत मिळतील का? मुक्काम आणि प्रवासखर्च कोण देतं? शिकवून दाखवण्याची संधी आहे का, की नुसतं ऐकायचं? आणि शिबिरानंतर दोन-तीन महिन्यांनी कोणी विचारपूस करणार आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नवी पद्धत मोडते ती घरी परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा फोनवर बोलायला कोणी असलं तर ती टिकते.

भरवणाऱ्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. सलग पंधरा दिवसांऐवजी महिन्यातले दोन रविवार, असं सहा महिने ठेवावं. एकदा भालकीत, एकदा हुमनाबादेत, एकदा आळंदला. म्हणजे क्लास बंद ठेवावा लागणार नाही, आणि शिकलेलं मधल्या दिवसांत मुलांवर करून बघता येईल. शाळेची एक रिकामी खोली, दोन जाणकार आणि दुपारचं जेवण, एवढ्यात हे जमण्यासारखं आहे.

आणि आपलं वाङ्मय मंडळ? आपल्याला गाता येत नसेल, पण शब्दांचं काम तर येतं! वर श्रुती, जाती, खंड यांचा घोळ सांगितला. अशा शंभरेक शब्दांची एक मराठी-कन्नड पुस्तिका आपण करू शकतो. डाव्या बाजूला आपला अर्थ, उजव्या बाजूला तिकडचा, दोन्ही लिप्यांत. आपल्या वर्गात कन्नड घरांतली मुलं आहेत, मराठी घरांतली आहेत, भरतनाट्यम शिकलेल्या मुली आहेत, तबला वाजवणारे आहेत. एका सत्रात ती तयार होईल. छापायला पैसे नसले तर पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवू. पुढच्या शिबिरात मागच्या ओळीत बसलेल्या मास्तरांच्या हातात ती असली, तर ते प्रमाणपत्राची वाट बघत बसणार नाहीत, हात वर करून प्रश्न विचारतील.